पाण्याचा वार

बँकेतल्या बढतीचं, जळगावच्या बदलीचं पत्र हातात पडलं तेव्हा जळगावबद्दल मला एवढंच ठाऊक होतं: केळी, सोनं आणि ऊन. उन्हाबद्दल ठाऊक होतं असं तेव्हा वाटत होतं.

मी कुडाळची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे सातशेच्या आसपास. आमच्याकडे एकटा जुलै त्याहून जास्त ओततो. हे आकडे मला नंतर कळले, पीककर्जाच्या फायली चाळताना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहाटे स्टेशनवर उतरले तेव्हा हवा छान गार होती. नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा, लोक उगाच बाऊ करतात. सकाळचे सहा वाजले होते.

पहिल्या रविवारी घरं बघायला निघाले. एजंटाने चार घरं दाखवली, सगळी महाबळ आणि रिंग रोडच्या बाजूला. मी विचारत होते उजेड कसा आहे, शेजार कसा आहे, डास किती आहेत. घरमालक मात्र न विचारता एकच सांगत होते: वरची टाकी दोन हजारांची, खाली जमिनीत आणखी एक, मोटर नवी. तिसऱ्या घरात तर खोल्या दाखवायच्या आधी मला गच्चीवर नेऊन टाकीचं झाकण उघडून दाखवलं. आमच्याकडे घर दाखवताना माड किती, कलमं किती ते सांगतात. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की इथे घर म्हणजे आधी टाकी, मग भिंती.

चौथं घर काकूंचं. वरचा मजला, दोन खोल्या, पुढे गच्ची. काकूंनी मला खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

"गाव कोनतं तुमचं?"

"कुडाळ."

"कुडाय?"

"कुडाळ. सिंधुदुर्गात."

"हा, कुडाय. लय लांब पडलं वं माय." आणि आत वळून काकांना, "अहो, कुडायच्या हायेत त्या. समुद्राजवयच्या."

मला वाटलं, काकूंना ऐकायला कमी येतं. तसं काही नव्हतं. इथल्या लेवा पाटीदारांच्या लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, जवळ म्हणजे जवय. काकू काही चुकत नव्हत्या, माझ्या गावाला त्यांनी आपल्या बोलीतलं रूप दिलं होतं. बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदा इथून अगदी जवळ. शाळेत त्यांच्या कविता पाठ केल्या होत्या, आणि त्यातला तो 'य' मी इतकी वर्षं कवितेच्या लयीसाठी केलेला समजत होते. पस्तिसाव्या वर्षी कळलं की बाई घरात बोलत होत्या तशाच ओव्यांत बोलल्या. इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचं. हे मला फार आवडतं.

घर ठरलं. ठरण्याचं कारण भाडं नव्हे, काकू.

आता पाण्याचं. नळाला रोज पाणी येत नाही. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. शहराला पाणी वाघूर धरणातून येतं, आणि भागाभागाने सोडतात. त्यामुळे प्रत्येक गल्लीचा आपला वार आणि आपली वेळ. आमची वेळ पहाटे साडेचार. "आज आपला पान्याचा वार" हे वाक्य इथे "आज एकादशी" अशा सुरात म्हणतात. त्या दिवशी आदल्या रात्री लवकर झोपायचं, पिंप रिकामं करून घासायचं, शिळं पाणी कूलरला आणि झाडांना. काकूंनी हे सगळं मला नीट समजावलं. मी मान डोलावली आणि तिसऱ्याच वाराला झोपून राहिले. जाग आली तेव्हा साडेसहा झाले होते, मोटरचा आवाज कुठेच नव्हता आणि नळ कोरडा फुसफुसत होता.

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. खालच्या टाकीतून दोन दिवस बादल्या दिल्या. पण संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखर घ्यायला गेले, तर दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "मॅडम, पानी चुकलं म्हने तुमचं?" बाजूच्या दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू घरात काही वाईट घडलंय. गल्लीत माझी पहिली ओळख झाली ती अशी: पानी चुकलेल्या मॅडम. त्यानंतर मोबाइलवर गजर लावते, एक चार वीसचा आणि एक चार पंचविसचा.

ऊन त्याच महिन्यात भेटलं. दुपारी एक वाजता एका कागदाची झेरॉक्स काढायला कोर्ट चौकापासून चालत निघाले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही! आमच्याकडचं ऊन घामाने चिकटतं, माणूस सावध होतो. इथे घाम फुटल्याबरोबर वाळतो. त्यामुळे आपण तापतोय हे कळतच नाही. संध्याकाळी डोकं गरगरलं, उलटी झाली. काकूंनी कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला आणि दुसऱ्या दिवशी पर्समध्ये एक अख्खा कांदा टाकला. तो कांदा मी महिनाभर बँकेत नेत होते. त्याचा उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही. पण काउंटरपलीकडच्या शेतकऱ्यांच्या खिशातही तो असायचा, आणि एकदा पेन काढताना माझा बाहेर घरंगळला तेव्हा रांगेतले सगळे हसले. त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलायला लागले.

पारा पंचेचाळीसपर्यंत सहज जातो. त्यामुळे गाव दोन तुकड्यांत जगतं. पहाटे पाच ते अकरा, आणि मग संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत दारं बंद, पडदे ओढलेले, कूलरचा घरघराट. कूलर हे प्रकरण मला नवीन. कोकणात तो चालत नाही, कारण हवेत आधीच इतकी ओल असते की पाणी उडून जायला जागा नसते. इथल्या कोरड्या हवेत ओल्या गवतातून वारा आला की पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. खोली खरोखर गार होते. किंमत मोजायची ती पाण्यात. दिवसाला चाळीस-पन्नास लिटर कूलर पितो, आणि पाणी एक दिवसाआड. तेव्हा टाकी दाखवणाऱ्या घरमालकांची मनातल्या मनात माफी मागितली.

तळ्यावर मला काका घेऊन गेले. पहाटे पाचला चालायला जायचा त्यांचा नेम. मेहरूणचा तलाव गावाच्या पूर्व-दक्षिणेला, तिथून पुढे शिरसोलीचा रस्ता. मी मनात धामापूरचं तळं धरून गेले होते. माडा-पोफळींतलं, काठोकाठ. इथे पाणी दूर मध्यावर आक्रसलेलं, कडेला भेगाळलेली काळी माती, त्यात टिटव्या ओरडतायत आणि काठावर शे-दीडशे माणसं गोल गोल चालतायत. मी सहज म्हणून गेले, "एवढंच?"

काका थांबले. शांत माणूस, डाळ मिलमध्ये हिशेब लिहून निवृत्त झालेला. म्हणाले, "मॅडम, एप्रिलमध्ये कोनाच्या घरी जाऊन त्याचं धान्याचं कोठार उघडून पाहू नये." मग बराच वेळ बोललेच नाहीत. घाटाच्या पायऱ्यांपाशी मात्र थांबून त्यांनी मला पायऱ्या मोजायला लावल्या. उघड्या पडलेल्या अकरा. "लिहून ठेवा. सप्टेंबरात बोलू."

मी खरंच लिहून ठेवल्या, बँकेच्या डायरीत. आणि तिथून ते लागलंच मागे. दर रविवारी पायऱ्या मोजायच्या.

तळ्याकाठी गाव जसं भेटतं तसं बाजारात भेटत नाही, हे माझं मत. फुले मार्केटात, गोलाणीत माणूस घाईत असतो. सराफ बाजारात तर मी पहिले सहा महिने नुसती बघत फिरले. इथलं सोनं शुद्धतेसाठी नावाजलेलं, लांबून लांबून लोक लग्नाची खरेदी करायला येतात, आणि दुकानदार घासाघीस करणाऱ्याकडे जरा दुःखाने बघतात. पण पहाटे तळ्यावर सराफ, रिक्षावाला, डॉक्टर, रसवंतीवाला सगळे कॅनव्हासच्या बुटांत. तिथेच मला कळलं की पत्ता विचारताना 'महानगरपालिका' म्हणायचं नाही, 'सतरा मजली' म्हणायचं. इमारत सतरा मजल्यांची, गावात कुठूनही दिसते, रस्ता चुकला की मान वर करायची. तिथेच कळलं की शेवभाजी मागवताना "कमी तिखट" म्हटलं तरी फरक पडत नाही, तर्री वरून बाजूला सारायची कला शिकावी लागते. आणि भाजीत ओला नारळ घालते म्हटल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "रोज? आनि पोट दुखत नाही?"

आखाजी आली. अक्षय तृतीया. इथे तिचं महत्त्व दिवाळीपेक्षा कमी नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात, आणि शेतातल्या सालदाराचं वर्ष या दिवशी संपून नवं सुरू होतं. आदल्या दिवशी काकूंनी मला बाजारातून येताना डांगर आणायला सांगितलं. आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पापडाचं पीठ भिजवून करतात ते. मी तीन दुकानं फिरून उडदाचं पीठ घेऊन आले. काकूंनी पिशवी उघडली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. इथे डांगर म्हणजे खरबूज. पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर मांडायची, तिच्यावर ते ठेवायचं. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर मेलेल्या माणसांना आधी पाणी द्यायचं. कुडाळला मला हे कळलं नसतं. उडदाच्या पिठाचे काकूंनी नंतर वडे केले.

बँकेत तोवर केळीची भाषा शिकत होते. मृगबाग जून-जुलैची लावण, कांदेबाग त्यानंतर ऑक्टोबराच्या सुमाराची. रावेर, यावलकडचे शेतकरी यायचे, आणि मे महिन्यात सगळ्यांचा चेहरा एकच. गरम वाऱ्याने पानं फाटतात, करपतात, घड सटकतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात. ठिबकच्या नळ्या नसत्या तर यातलं काही उभंच राहिलं नसतं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कागद एका शेतकऱ्याने मला कौतुकाने दाखवले. वर म्हणाला, "मानांकन चांगलं हाये मॅडम, भाव सकाळी एक असतो नि संध्याकाळी एक." कर्जाच्या फाइलीत भाव लिहायचा रकाना असतो. मी तो त्या दिवशी पेन्सिलीने भरला.

जूनच्या मध्याला पाऊस आला. काळ्या मातीचा चिखल काय असतो ते चपलेला विचारावं. आमची लाल माती धुतली की जाते. ही तळव्याला धरून वर चढते, दहा पावलांवर प्रत्येक पाय किलोभर जड. कूलर एका आठवड्यात निरुपयोगी झाला, हवा दमट झाली, आणि सगळे वैतागलेले असताना मला एकटीला घरी आल्यासारखं वाटलं. पायऱ्या मात्र अकराच राहिल्या. जुलैभर अकरा, मग दहा. काका म्हणाले, आधी वरचा अंबरझरा भरतो, मग तिथलं पाणी पाटाने मेहरूणला येतं. घाई करू नका.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खाली कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून सजवलेली देवी. सुरतेहून, पुण्याहून काकूंचे दीर-पुतणे आले, घर भरून गेलं. रात्रभर गाणी. मला पुरणपोळी, खीर, सगळं ताटात आलं. फक्त एका झाकलेल्या टोपलीतलं काही मला वाढलं गेलं नाही, आणि मी बघतेय हे काकूंनी पाहिलं. त्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. म्हणाल्या, ते रोट आहेत. घरातल्या माणसांमागे सव्वा मापाने गहू मोजून घेतात, त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर जात नाहीत. लग्न झालेली स्वतःची लेकसुद्धा त्यात येत नाही. "तू मनाला लावून नको घेऊ," म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' त्या क्षणी झालं. रोट न मिळाल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंच नाही. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई निघाली, मी कडेने चालले. रविवारी मोजलेल्या पायऱ्या सात होत्या.

गणपतीच्या विसर्जनाच्या गर्दीत मोजता आल्या नाहीत. पण सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे काका पुढे गेले होते, त्यांनी लांबूनच हात वर केला. एकही पायरी नाही. पाणी घाटाच्या माथ्याला लागलेलं, सतरा मजलीपर्यंत गेलेलं आभाळ सगळं खाली उतरलेलं. काका काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र मला द्यायला लावले.

कार्तिकी एकादशीचा रथ मी जुन्या जळगावात एका ओळखीच्यांच्या ओट्यावरून पाहिला. 1872 पासूनची परंपरा. रथ प्रचंड, लाकडी, आणि त्याला ब्रेक नाही. दोरांनी शेकडो माणसं ओढतात, आणि थांबवायचं, वळवायचं काम चाकाशी बसलेल्या मोगरीवाल्यांचं. मोगरी म्हणजे लाकडाचं पाचर. चाक फिरत असताना वाकून ती नेमकी चाकाखाली सारायची. माझ्यासमोरच गल्ली वळत होती. एक मध्यमवयीन माणूस, कपाळाला अबीर, डोळे फक्त चाकावर. आजूबाजूला एवढा जयघोष, पण त्याच्या चेहऱ्यावर भक्ती-बिक्ती काही दिसत नव्हती, सुताराची एकाग्रता होती. मोगरी सारली, चाक किंचाळलं, लाकूड जळल्याचा वास आला, रथ कोपऱ्यापासून हातभर अंतराने फिरला. त्याने घाम पुसला आणि पुढची मोगरी मागितली. पुढे भिलपुऱ्यात रथ दर्ग्यापाशी थांबतो, लालशा बाबांच्या समाधीवर चादर चढवतात, मग पुढे निघतो. कुणी त्याचं भाषण करत नाही.

त्याच आठवड्यात तळ्यावर वारकरी आले. काळी कुळकुळीत बदकासारखी पाखरं, कपाळावर पांढरा टिळा. चांदवा असंही म्हणतात त्यांना. कार्तिकीच्या सुमाराला वारकरी, हा योगायोग मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं हाच विनोद करतोय मी."

थंडी म्हणजे भरीत. बामणोदकडची मोठी, फिकट हिरवी वांगी, बिया कमी. शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचतात, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. केळीच्या पानावर, कळण्याच्या पुरीबरोबर. मी वांगं न खाणाऱ्यांतली. पुढचं लिहीत नाही, किती खाल्लं ते बँकेतल्या सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत मेहरूणची बोरं हातगाड्यांवर आली, लहान, गोल, गोड. पूर्वी तळ्याच्या आसपास बोरीच बोरी होत्या म्हणतात. आता तिथे कॉलन्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांत टाक्या दोन हजारांच्या.

सासू-सासरे आले तेव्हा त्यांना गांधीतीर्थ दाखवलं, अजिंठ्याला नेलं. पण सासऱ्यांना आवडलं ते तळं. त्यांनी पाणी पाहून विचारलं, "याच्यात मासो गावता?" ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या माणसाकडून त्यांनी दोन किलो घेतले आणि काकूंच्या शुद्ध शाकाहारी जिन्यावरून पिशवी लपवून वर आणली. वास लपत नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, "पावणे गेले का?"

मार्चमध्ये पायऱ्या परत उघड्या पडायला लागल्या. पाच. सात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी नऊ.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटे आमचा पाण्याचा वार होता आणि खाली बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाट घातलेला. ज्वारी तीन दिवस भिजवून दळलेली, मोठ्या पातेल्यात लसूण, तिखट, जिरं, तीळ घालून घाटा शिजत होता. ऊन चढायच्या आत ओल्या कापडावर थापून गच्चीत खाटेवर टाकायचे, म्हणून चारलाच सुरुवात. चार वीसचा गजर झाला तेव्हा मी चुलीपुढेच होते. मोठी लाकडी काठी दोन्ही हातांनी फिरवत होते, घाटा जड होत चालला होता, आणि नळाने पहिली फुसफुस केली.

"पानी आलं," काकू म्हणाल्या. "मोटर मी लावते. तू हात नको थांबवू, खाली लागी राह्यलं."